इन्स्पेक्टा डेकचा पहिला सोलो अल्बम: आपण नेमके कशावर नाराज आहोत?

तळघर

गेला आठवडाभर 'अनकंट्रोल्ड सबस्टन्स' ऐकतोय. सलग, एकही गाणं न वगळता. अल्बम आला ५ ऑक्टोबर १९९९ ला, म्हणजे त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी वर्षातून एकदा माझा हा खटाटोप ठरलेला असतो. हेडफोन लावायचे, जुनं मत बाजूला ठेवायचं आणि यंदा तरी तो आवडेल अशी आशा धरायची. दर वेळी सहाव्या-सातव्या गाण्यापाशी लक्ष उडतं. मग 'ट्रायम्फ' लावतो, त्यातलं पहिलं कडवं ऐकतो आणि आणखीच हळहळतो.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वू-टँग क्लॅन म्हणजे न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर जमलेला नऊ रॅपरांचा ताफा. पहिला अल्बम नोव्हेंबर १९९३ चा. त्यांचं पहिलं सिंगल 'प्रोटेक्ट या नेक'. त्यात माइक सगळ्यात आधी हातात घेतो तो इन्स्पेक्टा डेक. 'क्रीम'मध्ये कडवी दोनच, त्यातलं दुसरं डेकचं. १९९७ च्या 'ट्रायम्फ'ला तर धृपदच नाही, एकामागून एक माणूस येत जातो, आणि सलामीला पुन्हा डेक. रॅपमधली सर्वोत्तम कडवी मोजायला बसलं की हे कडवं पहिल्या पाचांत धरणारे खूप आहेत. मी त्यातलाच.

बाकीच्यांचे सोलो अल्बम एकेक करून येत गेले. मेथड मॅन १९९४, ओल डर्टी बास्टर्ड, रेक्वान आणि जिझा १९९५, गोस्टफेस १९९६. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, आता डेकचा नंबर. तो नंबर लागेपर्यंत १९९९ उजाडलं. आणि हाती आलं ते हे.

मला राग नाही आलेला, वाईट वाटलंय. डेक त्या अल्बममध्ये कुठेही कमी पडत नाही. एकही ओळ आळसाने लिहिलेली नाही. तरीही अल्बम संपल्यावर गुणगुणावं असं काही हाताला लागत नाही. असं का होतं, हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. म्हणून हा धागा. तुम्हाला काय वाटतं ते मनापासून लिहा.

अनुप्रास

तळघर, बरं झालं धागा काढलास. मीही या अल्बमला अनेकदा संधी देऊन पाहिली आहे.

माझं मत असं, की डेकची ताकदच सोलो अल्बमच्या आड आली. 'ट्रायम्फ'मधलं कडवं कसं बांधलंय ते बघ. अणुबॉम्ब आणि सॉक्रेटिस पहिल्याच दमात येऊन जातात. यमक ओळीच्या शेवटाची वाट बघत थांबत नाही. ओळीच्या पोटात दोन-तीन ठिकाणी तोच स्वर पुन्हा लागतो, आणि कान पहिलं यमक पकडतोय तोवर पुढची ओळ सुरू झालेली असते. ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही, आणि हे मुद्दाम आहे. कारण त्याला माहीत आहे की त्याच्या मागे आणखी सात-आठ जण रांगेत उभे आहेत. त्याच्या वाट्याला एक-दीड मिनिट आलंय, आणि त्यात गडी बाद न होता धावफलक हलता ठेवायचाय. तो सलामीचा फलंदाज आहे.

आता हाच माणूस तासभर एकटा खेळतोय अशी कल्पना कर. प्रत्येक कडवं तेवढंच दाट. समोर मेथड मॅनचा घोगरा आवाज नाही, गोस्टफेसचा तारस्वर नाही, ओल डर्टीचा गोंधळ नाही. डेकचा आवाज मुळात मध्यम पट्टीतला, स्वच्छ, एका लयीत चालणारा. इतरांच्या शेजारी हा स्वच्छपणा उठून दिसतो. एकट्याने तासभर ऐकला की पठार लागतं.

'द ग्राँ प्री' लावून बघ. यू-गॉड आणि स्ट्रीटलाइफ सोबत आहेत, आणि डेकचं कडवं लगेच जागं वाटतं. माणूस तोच, अल्बम तोच. फरक सोबतीचा.

काळी_तबकडी

अनुप्रास यांचं निरीक्षण पटलं, पण या अल्बमबद्दल बोलताना पुराची गोष्ट वगळून कसं चालेल?

नव्या मंडळींसाठी सांगतो. वू-टँगचं सगळं संगीत रिझा करायचा, स्टॅटन आयलंडवरच्या घराच्या तळघरात. १९९० च्या दशकाच्या मध्याला त्या तळघरात पाणी शिरलं आणि शेकडो बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारे ठेके, गेल्या. कुठली बीट कोणासाठी, हे त्याने आधीच वाटून ठेवलेलं होतं. डेकसाठी बाजूला काढलेल्या बीटही त्या पाण्यात गेल्या. ताफ्यातल्या कोणाचं सर्वांत जास्त नुकसान झालं असेल, तर ते डेकचं.

त्या काळात बीट साठवायच्या कशा, हे आजच्या मुलांना पटकन कळणार नाही. रिझा एन्सोनिक कंपनीचे सॅम्पलर वापरायचा. कीबोर्डसारखं दिसणारं यंत्र, बाजूला फ्लॉपीची खाच. जुन्या सोल रेकॉर्डमधला एखादा पियानोचा तुकडा उचलायचा, त्याचा वेग उतरवायचा, त्यावर ढोल बसवायचा आणि सगळं साडेतीन इंची फ्लॉपीवर उतरवायचं. फ्लॉपीत दीड एमबी जागा. ढगात साठवणं वगैरे प्रकार नव्हता आणि दुसरी प्रत काढून ठेवण्याची सवय फार थोड्यांना होती. प्लॅस्टिकच्या त्या चौकोनाच्या आत जी पातळ तबकडी असते, तिला गढूळ पाणी लागलं की खेळ संपला. रेकॉर्ड पुन्हा विकत आणता येते, पण कुठला तुकडा कुठे कापला, किती खाली उतरवला आणि त्या रात्री ढोल किती मागे खेचला, ते कसं परत आणणार?

शेवटी 'अनकंट्रोल्ड सबस्टन्स'वर रिझाच्या बीट किती आल्या, तर दोन. 'मूव्हर्स अँड शेकर्स' आणि 'फ्रिक्शन'. बाकी ट्रू मास्टर, फोर्थ डिसायपल, पीट रॉक अशी मंडळी, आणि बऱ्याच बीट स्वतः डेकच्या.

तळघर, तुझं सदस्यनाम यावरूनच घेतलंयस ना? तसं असेल तर तुला हे सगळं माहीत असणारच, पण धाग्यावर नोंद असावी म्हणून लिहिलं.

तळघर

हो तबकडीकाका, तिथूनच घेतलंय. इतक्या वर्षांत कोणी ओळखलं नव्हतं.

तुम्ही लिहिलेलं वाचताना एक गोष्ट जाणवली. मी हा अल्बम ऐकतो तेव्हा माझ्या डोक्यात दुसराच एक अल्बम वाजत असतो. १९९५-९६ च्या आसपासचा, जिझाच्या 'लिक्विड स्वोर्ड्स'च्या काळातल्या त्या थंड, धुळकट बीटवरचा डेक. 'ड्युएल ऑफ द आयर्न माइक'मधलं आणि 'कोल्ड वर्ल्ड'मधलं त्याचं कडवं ऐकलं की तो अल्बम कसा झाला असता याचा अंदाज येतो. तो अल्बम कोणीच ऐकलेला नाही, पण आपण सगळे त्याच्याशीच तुलना करत आलोय.

मध्यरात्र

मी जरा विरोधात बोलणार आहे, राग मानू नका.

पुराची गोष्ट खरी आहे आणि वाईटच आहे. पण वू-टँगचे चाहते प्रत्येक अपयश त्या पाण्याच्या माथी मारतात, हे मला पटत नाही. गोस्टफेसचा 'सुप्रीम क्लायंटेल' आठवा. फेब्रुवारी २००० मध्ये आला, म्हणजे डेकच्या अल्बमनंतर जेमतेम चार महिन्यांनी. त्यातही बीट अनेक हातांच्या होत्या. तरी तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत एका अंगाचा वाटतो, कारण रिझाने सगळ्या बीट समोर घेऊन त्यांच्यावर शेवटचा हात फिरवला. म्हणजे प्रश्न बीट कोणाच्या, हा नाहीच. शेवटी कोणी तरी बसून 'हे राहील, हे जाईल' असं ठरवलं का, हा आहे.

मास्टा किलाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. नऊ जणांत सगळ्यात शेवटी सोलो अल्बम त्याचा आला, २००४ मध्ये. पहिल्या वू-टँग अल्बमवर त्याचं कडवं एकच, 'डा मिस्टरी ऑफ चेसबॉक्सिन'मधलं. त्याच्याकडून कोणाची फार अपेक्षाही नव्हती. आणि 'नो सेड डेट' किती नेटका निघाला! त्याने वाट डेकपेक्षा पाच वर्षं जास्त पाहिली, आवाज डेकपेक्षा संथ, यमकांची कारागिरी डेकच्या निम्मीही नाही. पण कुठली बीट आपल्या चालीला झेपते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

डेकला स्वतःच्या बीट करायच्या होत्या, त्याचा मी आदर करते. पण आपल्याच बीटवर आपणच रॅप करताना नकार देणारं कोणी उरत नाही.

ठेका

मध्यरात्र ताई, शेवटचं वाक्य अगदी बरोबर. मी थोडंफार बीट बनवतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

डेकच्या स्वतःच्या बीट मी कान देऊन पुन्हा ऐकल्या. त्यात चूक अशी काही नाही. ढोल जागच्या जागी, बास जागच्या जागी. पण लूप, म्हणजे तोच तो तुकडा, सुरू झाला की तीन-साडेतीन मिनिटं तो तसाच फिरत राहतो. रिझाच्या १९९३-९५ च्या बीट साध्या होत्या असं म्हणतात, पण नीट ऐका. 'क्रीम'मधला तो पियानो शार्मेल्स नावाच्या गटाच्या १९६७ च्या गाण्यातून घेतलेला. तुकडा एवढासाच, पण तो कुठे उघडा सोडायचा, कुठे त्याखालचा ढोल काढून घ्यायचा, धृपदाच्या आधी किती मोकळी जागा ठेवायची, हे सगळं मोजून केलंय. रॅपर थांबतो तेव्हा बीट बोलायला लागते. डेकच्या बीटमध्ये रॅपर थांबला की बीटही त्याची वाट बघत उभी राहते.

दुसरं म्हणजे आवाजाचा पोत. सुरुवातीच्या काळातली यंत्रं गरीब होती. त्या पिढीचा लाडका सॅम्पलर एसपी-१२०० घ्या. १९८७ चं यंत्र, १२ बिटचं, आणि सॅम्पलसाठी एकूण जागा दहा सेकंदांची. म्हणून लोक ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर फिरवून पटकन भरून घ्यायचे आणि यंत्रात पुन्हा खाली उतरवायचे. त्या चढ-उतारात जी खरखर यायची, तीच आपल्याला आज 'धुळकट' म्हणून आवडते. १९९९ पर्यंत स्टुडिओ सुधारले, जागा वाढली, आवाज धुऊन स्वच्छ झाला. डेकचा आवाज आधीच स्वच्छ. स्वच्छावर स्वच्छ ठेवलं की कडा दिसत नाहीत. पूर्वीच्या बीटमध्ये तो चिखलातून पातं काढल्यासारखा वाटायचा.

आणि 'ट्रबल मॅन' पाहा. पीट रॉकची बीट, विनिया मोहिकाचा गाता आवाज. तिथे डेक एकदम सैल होतो, शब्दांमधली अंतरं वाढतात. तीच चार मिनिटं ऐकून कळतं की या माणसाला वेगळ्या चालीत चालता येत होतं. त्याला त्या चालीकडे नेणारी बीट फक्त एकदाच मिळाली.

काळी_तबकडी

ठेका, चिखल आणि पात्याची उपमा मनात राहिली.

मध्यरात्र यांना उत्तर. पुराचं निमित्त पुढे करायचं नाही, हे मान्य. पण पाण्याने बीट नेल्या तसा वेळही नेला, आणि माझ्या मते वेळेचं नुकसान मोठं होतं.

रिझाने सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं होतं की मला पाच वर्षं द्या, माझं ऐका, मी तुम्हाला वर नेतो. कराराचीही गंमत अशी होती की गट एका कंपनीकडे, पण प्रत्येक माणसाला सोलोसाठी हव्या त्या कंपनीकडे जायची मुभा. म्हणून मेथड मॅन डेफ जॅमकडे, जिझा गेफनकडे, ओल डर्टी इलेक्ट्राकडे. कंपन्या वेगळ्या, पण सगळ्यांवर हात एकाच माणसाचा. १९९७ मध्ये 'वू-टँग फॉरेव्हर' आला, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि ती पाच वर्षं संपली. त्यानंतर रिझाने लगाम सैल सोडला.

म्हणजे ज्यांचे अल्बम १९९४ ते १९९६ मध्ये आले, त्यांना तो कडक संपादक मिळाला. डेकचा अल्बम तेव्हाच यायचा होता. तो बाहेर पडला तेव्हा संपादक खुर्चीवरून उठून गेला होता.

रात्रगस्त

१९९९ चा मुद्दा निघालाच आहे तर त्या शरद ऋतूतली गर्दी बघा. जूनमध्ये जिझाचा दुसरा अल्बम. सप्टेंबरमध्ये ओल डर्टीचा. त्याच महिन्याच्या अखेरीला मेथड मॅन आणि रेडमन यांचा एकत्र. ५ ऑक्टोबरला डेक, आणि त्याच दिवशी यू-गॉडचाही. नोव्हेंबरमध्ये रेक्वानचा दुसरा. फेब्रुवारीत गोस्टफेस.

सहा वर्षं ज्याची वाट बघितली त्या अल्बमला दुकानाच्या फळीवर स्वतःचा एक आठवडाही मिळाला नाही. बाजूला आपल्याच घरातला माणूस उभा.

खाचेतली_सुई

मी वू-टँगचा मोठा भक्त नाही, पण हा आजार फक्त डेकचा नाही हे सांगायला लिहितोय. कॅनिबस नावाचा रॅपर आठवतो का कोणाला?

१९९७ मध्ये एलएल कूल जेच्या गाण्यात पाहुणा म्हणून गेला आणि त्याच्याशीच भांडण ओढवून घेतलं. त्यातून 'सेकंड राउंड के.ओ.' आलं. त्या वेळी मिक्सटेपांवर, रेडिओवर त्याचं प्रत्येक फ्रीस्टाइल लोक कॅसेटवर उतरवून घेत होते. सप्टेंबर १९९८ मध्ये पहिला अल्बम आला, दुसऱ्या क्रमांकावर चढला, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे पडले. वायक्लेफ जाँने बरंचसं संगीत सांभाळलं होतं. बीट कॅनिबसच्या आवाजाला शोभत नव्हत्या. एवढा आग ओकणारा माणूस, आणि खाली पाणचट ठेका.

मग २००३ मध्ये 'रिप द जॅकर' आला. तेव्हा कॅनिबस अमेरिकी सैन्यात भरती झालेला होता. त्याने नुसता आवाज ध्वनिमुद्रित करून दिला, आणि जेडाय माइंड ट्रिक्स या गटाच्या स्टूपने मागून त्या आवाजाभोवती बीट बांधल्या. आणि हाच त्याचा सर्वोत्तम अल्बम मानणारे चाहते आज सर्वाधिक भेटतात. 'पोएट लॉरिएट टू' सात मिनिटांहून मोठं आहे, धृपद नावालाही नाही, तरी कंटाळा येत नाही. स्टूप खालचा सूर दर काही वेळाने बदलत नेतो, म्हणून.

रास कासचं नावही याच यादीत घ्यावं लागेल. १९९६ चा पहिला अल्बम, लेखणी अशी की वहीत उतरवून वाचावी, आणि बीटबद्दलची तक्रार आजही सुरू आहे.

अनुप्रास

सुई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. यातून मला एक गोष्ट सुचते. ज्यांना आपण 'शब्दांचे रॅपर' म्हणतो, त्यांना बीट निवडताना बहुधा अशी बीट आवडते जी त्यांच्या शब्दांच्या आड येत नाही. लिहिणाऱ्याच्या बाजूने ते रास्तच आहे. पण ऐकणाऱ्याला आड येणारंच काही तरी हवं असतं, ज्याला धडकून शब्द उसळी घेतील.

शांतकोपरा

मी सहसा लिहीत नाही, वाचतेच. पण मला हा अल्बम आवडतो आणि इतका वेळ कोणीच तसं म्हटलं नाही, म्हणून लिहिते.

मी वू-टँगकडे उलट्या वाटेने आले. सगळ्यात आधी 'अनकंट्रोल्ड सबस्टन्स' ऐकला, नंतर बाकीचं. मला ना पूर माहीत होता, ना 'ट्रायम्फ'. मला एक माणूस ऐकू आला जो ओरडत नाही, बढाई मारतानाही आवाज चढवत नाही, आणि स्वतःच्या आयुष्याबद्दल सरळ बोलतो. 'शो अँड प्रूव्ह' मी त्या महिन्यात रोज ऐकायचे. तुम्ही ज्याला पठार म्हणता ते मला स्थैर्य वाटलं होतं.

तुम्ही सगळे सहा वर्षांची वाट घेऊन त्या अल्बमकडे गेलात. मी रिकाम्या हाताने गेले. एवढाच फरक असेल कदाचित.

मध्यरात्र

शांतकोपरा, लिहीत जा. हा या धाग्यावरचा सगळ्यात प्रामाणिक प्रतिसाद आहे.

तळघर

शांतकोपरा, तुमचं वाचून दोन दिवस गप्प होतो. रिकाम्या हाताने ऐकणं मला आता शक्य नाही, पण तुमच्या कानांनी ऐकायचा प्रयत्न केला. 'शो अँड प्रूव्ह' लावलं आणि फक्त श्वासाकडे लक्ष दिलं. दोन ओळींच्या मधे तो श्वास घेतो ते तिथे स्पष्ट ऐकू येतं. 'ट्रायम्फ'मध्ये तो कुठे श्वास घेतो हे मला आजपर्यंत सापडलेलं नाही. इतकी वर्षं मी यालाच दोष समजत होतो.

मध्यरात्र, तुझ्या संपादकाच्या मुद्द्यावर एक भर घालतो. 'क्रीम'मधलं डेकचं कडवं मुळात बरंच लांब होतं. आधीच्या एका डेमोवर त्याने आणि रेक्वानने पानंच्या पानं म्हटली होती. रिझाने ती कातरली. पंधराव्या वर्षी तुरुंगात गेलेल्या पोराची गोष्ट उरली, बाकीचं गेलं. आपण आज ज्या कडव्याला मान देतो ते कात्रीतून उतरलेलं आहे. आणि त्या कात्रीचा राग डेकने कधी धरला असं दिसत नाही. त्याला कात्री चालली असती. १९९९ मध्ये ती हातात घेऊन त्याच्या शेजारी कोणी बसलं नाही.

माझा खरा सल हा आहे, आता लिहिताना कळतंय. १९९८ मध्ये हा माणूस गँग स्टारच्या 'अबव्ह द क्लाउड्स'वर गेला, बिग पनच्या 'ट्रेस लेचेस'वर गेला. प्रत्येकाच्या घरी जाऊन पंगत सजवून आला. त्याच्या घरचं कार्य निघालं तेव्हा ज्याने त्याने आपापलं पान मांडलेलं होतं.

ठेका

हे वाचून एक उद्योग केला. अल्बममधली नऊ गाणी निवडली, क्रम बदलला. 'मूव्हर्स अँड शेकर्स'ने सुरुवात, 'द ग्राँ प्री' तिसऱ्या जागी, 'फ्रिक्शन' बरोब्बर मध्यावर, 'शो अँड प्रूव्ह' त्याच्या मागे, आणि शेवट 'ट्रबल मॅन'ने. पस्तीस मिनिटांच्या आसपास भरतो. सीडीच्या जमान्यात चौऱ्याहत्तर मिनिटं जागा असायची आणि ती भरल्याशिवाय अल्बम पूर्ण झाला असं कोणाला वाटायचं नाही. नासचा 'इलमॅटिक' १९९४ चा, दहा तुकडे, चाळीस मिनिटांच्या आत. तो धडा समोर असूनही फार थोड्यांनी घेतला.

नऊ गाण्यांत डेकचा आवाज थकत नाही. मी दोनदा ऐकलं.

रात्रगस्त

ठेका, तुझा क्रम लावून ऐकतोय. 'फ्रिक्शन' मध्यावर आल्याने खरंच फरक पडला. त्यात मास्टा किलाचा संथ आवाज आला की डेकचा पुढचा अर्धा भाग पुन्हा ताजा लागतो.

काळी_तबकडी

आणि 'झारफेस' विसरू नका रे. २०१३ मध्ये डेकने सेव्हन-एल आणि एसोटेरिक या बोस्टनच्या जोडीबरोबर हा गट काढला. कॉमिक्समधल्या खलनायकासारखा मुखवटा, जाडजूड ढोल, आणि प्रत्येक गाण्यात समोर दुसरा रॅपर उभा. २०१८ मध्ये एमएफ डूम या रॅपरसोबतही अल्बम केला. चाळिशी ओलांडलेला डेक तिथे कसा मोकळा होऊन खेळतोय ते ऐका. बीट दुसऱ्याच्या हातात, शेजारी सोबती, आणि कडवं संपलं की माइक पुढे द्यायचा. अनुप्रास, तुमचा सलामीचा फलंदाज पुन्हा सलामीलाच आलाय.

शांतकोपरा

काका, पहिला 'झारफेस' काल रात्री पहिल्यांदाच ऐकला. पहिलं कडवं सुरू झालं आणि मी अल्बमचं नाव न बघताच ओळखलं, हा तोच 'शो अँड प्रूव्ह'वाला माणूस. आता तुमची 'ट्रायम्फ'ची वाट मला कळली. तळघर, मी पण शोधला, श्वास कुठे घेतो ते. दुसऱ्या ओळीनंतर अगदी बारीक आहे. हेडफोन लावून, डोळे मिटून ऐका.

तळघर

सापडला.